उभ्या गाडीला पाच मिनिटं चालू करू नका

इंदुरात लोकमान्य नगर असो की राजेंद्र नगर, ज्या घरी एखादी स्पोर्ट्‌स कार हौसेने आणलेली आहे तिथे पावसाळ्यात एक नेम हमखास पाळला जातो. गाडी रस्त्यावर काढायची नाही, पण दर रविवारी सेल्फ मारून पाच मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची, म्हणजे इंजिन जाम होत नाही आणि बॅटरीही बसत नाही. यामागे गाडीवरची माया आहे, पण गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान या पाच मिनिटांनीच होतं.

गाडी हंगामभर बंद ठेवायची पद्धत मुळात थंड देशांतली. कॅनडात किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं, म्हणून बर्फ वितळतो. पण तेच खारं पाणी गाडीच्या पोटाखाली बसून लोखंड खातं. शिवाय स्पोर्ट्‌स कारचे उन्हाळी टायर ७ अंशांच्या खाली कडक होतात आणि पकड सोडतात. म्हणून तिथले शौकीन हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात. माळव्यात उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, रस्ते कोरडे असतात, तेव्हा गाडी खुशाल चालवावी. आपला झाकून ठेवायचा हंगाम म्हणजे आषाढ ते भाद्रपद.

आता त्या पाच मिनिटांकडे. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. पेट्रोल जळलं की हायड्रोजनचं पाणी होतं. किती? एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं तर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ऐकून खरं वाटत नाही, पण या पाण्याच्या वजनात बहुतेक वाटा हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचा असतो, म्हणून हिशेब बसतो. मोठं इंजिन थंड असताना पाच मिनिटांत सहज शंभर मिलिलिटर पेट्रोल पितं, म्हणजे अर्धा कप पाणी.

गरम इंजिनात हे पाणी वाफेच्या रूपातच सायलेन्सरमधून निघून जातं. पण एक्झॉस्टच्या वायूंमधल्या या वाफेचा दवबिंदू सुमारे ५० अंश सेल्सियस असतो. जो धातू त्याहून थंड असेल त्यावर पाणी धरणारच. त्यासाठी कॅनडाची थंडी लागत नाही, श्रावणातली २५ अंशांची इंदुरी सकाळ पुरते. सायलेन्सरच्या तोंडाशी काळसर थेंब टपकताना दिसतात ते हेच पाणी. जे टपकत नाही ते आत साठून राहतं आणि सायलेन्सर आतून गंजत जातो.

थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्येही उतरतो. अशा रविवारच्या नेमाच्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण एकदा उघडून बघा. आतल्या बाजूला कधी कधी फिक्या कॉफीच्या रंगाचा, दुधावरच्या सायीसारखा थर सापडतो. ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. काट्यावर इंजिन गार ठेवणारं पाणी गरम दिसलं तरी ऑइल मागे राहतं. त्यातलं पाणी उडून जायला रस्त्यावर अर्धा तास तरी गाडी पळवावी लागते. तेवढं जमत असेल तर जरूर करा. नसेल तर इंजिनला हात लावू नका. बंद करण्याआधी नवं ऑइल घातलेलं असेल तर तीन-चार महिने उभं राहून चांगलं इंजिन जाम होत नाही.

बॅटरीचं काय, असं कुणीही विचारेल. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली, तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून घेतली. आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर, असा तो ऐवज. पण त्या काळची गाडी किल्ली फिरवून बंद केली की विजेचं मागणं जवळपास संपायचं. आजच्या गाडीत अलार्म, कुलपं आणि कॉम्प्युटर झोपेतही वीज घेत राहतात. ही गळती ४० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला साधारण एक अँपिअर-तास जातो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत पार रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधीच हात टेकतो. पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेलं भरून येतं, पण आठवड्याची गळती पुरती भरत नाही. अर्धपोटी बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे कण घट्ट होत जातात आणि तिची ताकद कायमची कमी होते. उपाय सोपा आहे: पोर्चमधल्या प्लगला स्मार्ट चार्जर लावून ठेवा, तो बॅटरीला साडेतेरा व्होल्टच्या आसपास सांभाळतो. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जर त्याच जातीचा हवा.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची लोकांना फार धास्ती आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे खरं. ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. पण आधुनिक गाडीची टाकी चांगली बंद असते, तिथे एका पावसाळ्यात असं होणं अवघड. जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला मात्र जपावं. दोन्हींची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि इंदूरची श्रावणातली हवा त्याच्या बरीच वर असते. म्हणून चाकांच्या कमानीत अडकलेली काळी माती धुऊन काढा, ती ओल सोडता सोडत नाही. धुतल्यावर थोडं फिरवून ब्रेक तापवा, वाळवा, मगच झाका. प्लास्टिकचं कव्हर नको, ओल आत कोंडते. हवा खेळेल असं कापडी घ्या. हॅंडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड चिकटतात. चाकाला वीट लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. आणि उंदरांसाठी बॉनेटखाली दर आठवड्याला नजर टाका, वायरी कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते.

खंडेनवमीला गाडी बाहेर काढाल तेव्हा आधी एअर फिल्टर उघडून आत घरटं नाही ना ते बघा. पहिल्या काही ब्रेकांना खरखर येईल, डिस्कवरचा वरवरचा गंज निघून जातोय. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर ते मात्र बदलूनच वेगाने चालवा. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं, आणि उकळलं की पॅडल थेट तळाला जातं.