उरलेले रंग पुढच्या वर्षी वापरायचे असतील तर

दिवाळीच्या पणत्या रंगवून झाल्या की रंगाच्या बाटल्या खोक्यात जातात, त्या थेट पुढच्या दिवाळीला बाहेर निघतात. मग ग्राहक बाटली घेऊन येतात, "अर्धी भरलेली होती हो, पार दगड झालाय." अशा वेळी आम्ही आधी झाकण बघतो. रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो, झाकणच नीट बसलेलं नसतं.

बाटलीच्या तोंडाचे आटे जवळून पाहा. तिथे रंगाची पापडी धरलेली दिसेल. त्यामुळे झाकण हाताला घट्ट लागतं, पण फट राहते आणि आतलं पाणी हळूहळू उडून जातं. अ‍ॅक्रिलिक रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी गेलं की ते एकमेकांना चिकटतात, ते कायमचेच. म्हणून पूर्ण सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी ओतून उपयोग नाही. पोस्टर रंगाचं तसं नाही. त्यात डिंकासारखा पाण्यात विरघळणारा पदार्थ असतो, त्यामुळे सुकलेली वडीसुद्धा भिजवून वापरता येते.

तेव्हा काम संपलं की ओल्या फडक्याने आटे आणि झाकणाची आतली कड पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवून वर झाकण लावलंत तर आणखी चांगलं.

ब्रश थेट बाटलीत बुडवू नका आणि ताटलीत उरलेला रंग परत ओतू नका. ब्रशच्या गढूळ पाण्याने रंगात जंतू वाढतात आणि त्याला कुबट वास येतो. असा रंग टाकून द्या, पण मोरीत ओतू नका. वर्तमानपत्रावर सुकवून कचऱ्यात टाका. अ‍ॅक्रिलिक नुसताच दाट झाला असेल तर उकळून गार केलेलं पाणी थेंब-थेंब घालून ढवळा. थिनर मात्र नको.

बाटल्या उन्हाच्या खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत तर पत्र्याखालचा माळाही नको.

ऑइल रंगवाल्यांना एक कळकळीची विनंती: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर मोकळ्यावर, एकेक पसरून वाळवा.

अ‍ॅक्रिलिकच्या बाटलीचं झाकण अडकलं तर पक्कड लावू नका, बाटली फुटते. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं झाकण बुडवून मग फिरवा. तरीही नाही उघडलं तर दुकानात घेऊन या, आम्ही उघडून देतो. त्याचे पैसे घेत नाही.