सामूहिक वनहक्काच्या जंगलात जाळरेषा: कागद नेमका कुठे अडतो

जानेवारी सरत आला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांतून एकच विचारणा सुरू होते: जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा करायचा पट्टा) जाळायची परवानगी कुठे मिळते, अर्जाचा नमुना द्या. असा वेगळा नमुनाच नाही. मग लोक कोऱ्या कागदावर ‘जंगलात आग लावण्याची परवानगी मिळावी’ असं लिहून रेंज ऑफिसला देतात आणि अर्ज नामंजूर होतो. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 आणि 33 खाली राखीव व संरक्षित जंगलात नियम मोडून आग लावणं हा गुन्हा आहे. अशा शब्दांतल्या अर्जावर कोणता वनक्षेत्रपाल सही करील?

ग्रामसभेचा आधार वेगळा आहे. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(आय) ने सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला आहे. जाळरेषा हे त्या संरक्षणातलंच काम. ठरलेल्या पट्ट्यातला पाला माणसं उभी करून, ठरलेल्या वेळी जाळून टाकायचा, म्हणजे पुढे वणवा आला तरी त्या रिकाम्या पट्ट्याशी त्याला खायला काही उरत नाही. म्हणून परवानगी मागत बसू नका. जाळरेषांसह व्यवस्थापन आराखडा सादर करा आणि कामाची लेखी सूचना द्या.

आता पहिला अडसर, आणि सगळ्यांत मोठा. तुमच्याकडे असलेलं हक्कपत्र नीट उघडून वाचा. नमुना ‘ब’ वर दावा केला असेल तर मिळतात ते सामूहिक हक्क: निस्तार (घरच्या गरजेपुरतं जळण, लाकूड घेणं), गौण वनोपज (मोहफुलं, तेंदू, बांबू वगैरे), चराई. व्यवस्थापनाचा हक्क मिळतो नमुना ‘क’ वर केलेल्या दाव्याने. 2012 च्या सुधारित नियमांत या दोन्हींची हक्कपत्रं वेगळी आहेत, परिशिष्ट तीन आणि परिशिष्ट चार. गावात कुणालाच हा फरक सांगितलेला नसतो. फ्रेम करून भिंतीवर लावलेला कागद परिशिष्ट तीनचा निघतो तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहवत नाहीत. तसं असेल तर खचू नका, नमुना ‘क’ चा दावा वेगळा दाखल करा. किमान दोन पुरावे लागतात. विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची जुनी नोंद) बहुतेक ठिकाणी सापडतं, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही नियम 13 प्रमाणे पुरावाच आहे. ‘उपग्रह नकाशा नाही’ एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. नियमांनुसार तो पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा घेणारा नाही. तरीही फेटाळला तर कारणांसह लेखी निर्णय मागा. तो कळवल्यापासून वरच्या समितीकडे जायला 60 दिवस असतात, समितीला वाटलं तर आणखी 30.

दुसरा अडसर ठरावाचा. गटग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर सरपंचाच्या सहीने आलेला ठराव चालत नाही. ग्रामसभा तुमच्या गावाची, टोल्याची (पाड्याची) हवी. निम्मे सदस्य हजर आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. सह्यांच्या पानावर बाया मोजून घ्या, नंतर धावपळ होते. शिवाय दावे तपासणारी वनहक्क समिती आणि नियम 4(1)(ई) खालची व्यवस्थापन समिती या दोन वेगळ्या समित्या आहेत. आराखडा दुसरीने करायचा, मंजुरी ग्रामसभेने द्यायची. पहिलीचा शिक्का मारून पाठवलेले आराखडे परत येताना मी पाहिले आहेत.

आराखड्यात ‘वणवा प्रतिबंध करणे’ एवढी एक ओळ पुरत नाही. कक्ष (वनविभागाने आखलेला जंगलाचा तुकडा) क्रमांक, प्रत्येक जाळरेषेची लांबी-रुंदी, नकाशावरची खूण, कामाचे दिवस, किती माणसं आणि पाणी कुठून आणणार, हे सगळं लिहा. शेजारच्या कक्षात वनविभागाची जाळरेषा असेल तर आपली तिला जोडून घ्या. अर्धवट सुटलेल्या रेषेतून आग आत शिरते.

तारखेचा घोळ दरवर्षीचा. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतात. त्यामुळे लोकांना वाटतं 15 फेब्रुवारीला काम सुरू करायचं. उलट आहे: त्या दिवसापर्यंत जाळरेषा जळून, विझून, झाडून झालेल्या हव्यात. एका गावाचं सूचनेचं पत्र एका कार्यालयात तीन आठवडे पडून राहिलं आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ‘आता हंगाम सुरू झाला’ म्हणून परत आलं. त्या वर्षी गावाने रेषा जाळली नाही, हेच बरोबर केलं; पण चूक गावाची नव्हती. म्हणून पत्र डिसेंबरातच द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पत्रात दिवस, वेळ, कक्ष आणि जबाबदार माणसाचा मोबाइल नंबर असू द्या. भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रह इशाऱ्याला जाळरेषा आणि वणवा यांतला फरक कळत नाही. वनरक्षकाच्या मोबाइलवर आगीचा संदेश गेला की तो पळत येतो, आणि पोच दाखवता आली नाही तर पुढचा त्रास तुम्हालाच.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र हा मार्ग धरू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं कलम 30 तिथे आग लावायला मनाई करतं. तिथे पाला झाडून पट्टा मोकळा करा.

एक कळकळीची विनंती. मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग किंवा तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून पेटवलेलं रान जाळरेषेच्या नावाखाली घालू नका. एका गावाने केलं की पुढच्या दहा गावांच्या आराखड्यांकडे संशयाने पाहतात. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदू तोडणीत आग आणि छाटणी येते म्हणून तेंदूच सोडला आणि बांबूवर गाव उभं केलं.

काम पहाटे, वारा पडलेला असताना करा. धूर पूर्ण थांबेपर्यंत रेषेवर माणसं ठेवा आणि दुपारच्या वाऱ्यात पुन्हा एक फेरी मारा. आग हाताबाहेर जाते आहे असं वाटलं तर लगेच वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा.