सन्नी मुखवटे

श्रीलंकेच्या दक्षिण व नैर्ऋत्य किनारपट्टीवरील सिंहली समाजात रोगनिवारणाच्या नृत्यविधीत वापरले जाणारे कोरीव लाकडी मुखवटे. या विधीला ‘सन्नी यकुमा’ किंवा ‘दहअट सन्निय’, म्हणजे अठरा सन्नी, असे म्हणतात. मराठी वाचकाला हे शब्द परके वाटायचे कारण नाही. ‘सन्नी’च्या मुळाशी आयुर्वेदातला सन्निपात आहे आणि ‘यका’ म्हणजे यक्ष. वात, पित्त, कफ तिन्ही बिघडले की सन्निपात होतो, हे सिंहली वैद्यकही मानते. विधीत मात्र प्रत्येक दुखण्यामागे एकेक यका उभा असतो.

अठरांची यादी गावोगाव थोडी बदलते. काण सन्निय आंधळेपणाचा, बिहिरी बहिरेपणाचा, गोलु मुकेपणाचा, गिनिजल अंगाची लाही करणाऱ्या तापाचा. ओकाऱ्यांचा अमुक्कु हिरवट चेहऱ्याचा, जीभ बाहेर काढलेला. लुळेपणाच्या कोर सन्नियचे तोंड एका बाजूला ओढलेले असते. ते इतके हुबेहूब आहे, की पक्षाघाताचा रोगी जवळून पाहिल्याशिवाय ते कोरता आले नसावे.

या सर्वांचा अधिपती महाकोल सन्नी यका. वैशालीच्या राजाने संशयावरून गर्भवती राणीला मारविले. तिच्या प्रेतातून जन्मलेल्या मुलाने सूड म्हणून विषाच्या गोळ्यांपासून अठरा यके घडविले आणि अखेर बुद्धाने त्याला आवरले, अशी कथा आहे. म्हणूनच बुद्धाचे नाव घेतले की यक्याला नैवेद्य स्वीकारून निघून जावे लागते.

विधी रोग्याच्या अंगणात रात्रभर चालतो. मांत्रिकाला ‘अदुरा’ किंवा ‘यकदुरा’ म्हणतात; साथीला ‘यक बेरय’ हा लांबट ढोल. यका मशालींच्या उजेडात अंगावर धावून येतो. मग ढोलवाला त्याला हटकतो, नाव विचारतो, त्याची फिरकी घेतो. यका गोंधळतो, वेडीवाकडी उत्तरे देतो आणि अंगण हसू लागते. विधीचे मर्म या हसण्यात आहे: ज्याच्या भीतीने रोगी खचलेला असतो, त्याचीच फजिती तो सगळ्या गावासोबत पाहतो.

मुखवटे पाणथळीत वाढणाऱ्या कडुरु झाडाच्या हलक्या, मऊ लाकडाचे करतात. गॉल जिल्ह्यातील अंबलंगोड हे गाव या कोरीवकामासाठी प्रसिद्ध असून तेथे मुखवट्यांचे संग्रहालयही आहे. तिथल्या दुकानांत टांगलेले फणाधारी नागराक्षस आणि गरुडरूपी गुरुळु राक्षस पुष्कळांना सन्नी मुखवटेच वाटतात. पण ते ‘कोलम’ या लोकनाट्यातले आहेत.