साक्षीचं गाणं आणि मंडळीचं गीत

गिटार आहे, ड्रम्स आहेत, शब्दांत देव आहे, म्हणजे झालं ‘वर्शिप साँग’, असं कुणी म्हटलं की मी आता तिथेच अडवतो. उपासनेचं गीत म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको; ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं लहानपणापासून म्हणत आलोय आपण. वाद्यं आणि लय या किरकोळ गोष्टी. गाणं कुणाच्या गळ्यासाठी बेतलंय, एकट्या गायकाच्या की चर्चमध्ये जमलेल्या सगळ्या मंडळीच्या, ते आधी बघा.

अमेरिकेतल्या मर्सीमी बँडचं ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ घ्या. गायक बार्ट मिलार्डचे वडील १९९१ साली कर्करोगाने गेले. ते आता स्वर्गात काय पाहत असतील याची कल्पनाच करायची, असं आजी म्हणाली आणि ते वाक्य बार्टच्या मनात रुतून बसलं. वडिलांची आठवण आली की तो ते कुठेकुठे लिहून ठेवायचा. १९९९ मध्ये अल्बमला एक गाणं कमी पडत होतं, तेव्हा रात्री बसमध्ये एकटं बसून त्याने शब्द पुरे केले. बँडने आधी ते जलद चालीत बसवून पाहिलं; जमेना. वाद्यं आवरता आवरता जिम ब्रायसनने कीबोर्डवर सहज बोटं फिरवली आणि आज ज्या सुरांनी गाणं सुरू होतं ते सापडले. बाकीची चाल मग दहा मिनिटांत झाली.

गाणं देवाशीच बोलतं, म्हणून लोक फसतात. त्यात त्या अल्बमचं नावही ‘द वर्शिप प्रोजेक्ट’! पण बोलणारा एकटा आहे: तुझ्यासमोर मी नाचेन की गुडघे टेकेन, गाईन की गप्प होईन? ही साक्ष आहे, म्हणजे एकाने आपल्या श्रद्धेचं मांडलेलं मनोगत, आणि चालही तशीच एकट्याची आहे. कडवं खाली, जवळजवळ बोलल्यासारखं. ध्रुवपद एकदम वर.

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी हे मूळ ई पट्टीत घेतलं. ध्रुवपदाचा सूर इतका वर गेला की पुढच्या बाकांवरच्या मावश्यांनी पुस्तकं मिटून मांडीवर ठेवली. पुढच्या वेळी पट्टी सी-पर्यंत उतरवली, तर कडवं इतकं खाली गेलं की कुणाला ऐकूच येईना. मंडळीच्या गीतात असं होत नाही. त्याचे सूर मधल्या टप्प्यातच फिरतात, लहान पोरालाही दुसऱ्या ओळीला सापडतात.

हे गाणं मला फार प्रिय आहे. म्हणूनच सांगतो, ते दफनविधीला ठेवा, एकालाच गाऊ द्या आणि बाकीच्यांनी ऐका.