पार्श्वभूमी : गावकऱ्यांच्या गाळ्यापासून क्षयाच्या गोळ्यांपर्यंत

गिरणीत लागलेला कोकणातला किंवा घाटावरचा गडी बहुधा एकटाच मुंबईत यायचा, बायकामुलं गावी. लालबाग-परळच्या चाळीत गावकरी मंडळाने भाड्याने घेतलेल्या एका गाळ्यात वीस-पंचवीस जण राहत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी वळकटी पसरायचा. खोलीभाडं वर्गणीतून, जेवण खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने. एखादा जेवायला आला नाही, तर खाणावळवाल्या बाईला त्याच दिवशी कळायचं. आरोग्याच्या दृष्टीने या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मात्र त्याच कोंदट गाळ्यात क्षय फैलावायचा, आणि तंबाखू-दारूची सवयही सोबत्यांकडूनच लागायची.

सोबतीचा आयुष्यमानाशी असलेला संबंध आकड्यांत मांडला गेला तो पुढे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ साली पाहणी झालेल्या ६,९२८ प्रौढांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले : ज्यांचे नातेसंबंध सर्वांत कमी, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत सुमारे २.३ पट, स्त्रियांत २.८ पट. धूम्रपान, मद्यपान, आधीची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला.

मुंबईत तोवर गाळ्यांचे दिवस भरत आले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार बंद, मग वर्गणी बंद, खाणावळीची उधारी थकलेली. कित्येक जण गावी परतले. रोजगारावर उभा असलेला आधार रोजगाराबरोबरच गेला.

क्षयाच्या उपचारात तीच गरज पुन्हा समोर येते. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून डॉट्समध्ये, म्हणजे थेट देखरेखीखालच्या उपचारात, गोळी कुणाच्या तरी समोर घ्यायची. हा माणूस रोज भेटणारा हवा, आणि खाडा झाला की त्याच दिवशी दार वाजवणारा हवा. आठवड्यातून एकदा चौकशी करणारा इथे पुरत नाही.

नुसता गट जमवून भागत नाही, हेही मुंबईनेच दाखवलं. झारखंड-ओडिशात गरोदरपण-बाळंतपणाच्या अडचणींवर बैठका घेणाऱ्या महिलांच्या गटांमुळे तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी राहिलं. मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांपैकी २४ मध्ये असेच गट चालवले, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळंतपणाच्या काळजीत सुधारणा दिसली नाही. इथल्या बहुतेक बायका आधीच दवाखान्यात बाळंत होत होत्या. पुढचं सगळं तिथल्या सेवेवर अवलंबून, आणि ती गटाच्या हातात नव्हती. शिवाय गटात येणाऱ्यांत गरोदर बायका थोड्याच. २०१३ साली चार देशांतल्या अशा गटांच्या सात चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ठळक फायदा दिसला तो जिथे किमान ३० टक्के गरोदर बायका बैठकांना येत होत्या, तिथेच.