ॲप ‘औषध’ कधी झाले? डॉक्टर-इंजिनिअर भागीदारीची पार्श्वभूमी

१ एप्रिल २०२० पासून भारतात काही मोबाइल ॲप कायद्याने ‘औषध’ ठरली. ही छपाईची चूक नव्हे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात वैद्यकीय उपकरणे औषधाच्याच व्याख्येत बसवलेली आहेत आणि ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने त्या उपकरणांत सॉफ्टवेअरही धरले.

त्याआधीचा काळ हौशी होता. २००८ नंतर ॲपची दुकाने उघडली तशी डॉक्टरांच्या खिशातल्या डायरीतली सूत्रे फोनवर आली. सूत्र डॉक्टरचे, कोड इंजिनिअरचा; मधली जागा कोणाचीच नाही. तिथे काय होते, हे इन्शुलिनचा डोस काढून देणाऱ्या ४६ ॲपच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले. त्यांपैकी ३१ ॲपमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका होता. डोस कोणत्या सूत्राने काढला, हे जेमतेम ३० टक्के ॲप सांगत होती. रकान्यात भलताच आकडा भरला तरी बहुतेकांना त्याचे काही वाटत नव्हते. सूत्र लपले हा डॉक्टरांचा ढिलेपणा आणि आकडा अडवला नाही हा इंजिनिअरांचा, अशी वाटणी करता येईल. पण दोघे शेजारी बसले असते तर दोन्ही चुका पहिल्याच आठवड्यात सापडल्या असत्या.

अधिसूचनेतला खरा गुंता ‘उद्देश’ या शब्दाचा. निदान, प्रतिबंध, देखरेख किंवा उपचार यांसाठी वापरावे असा उत्पादकाचा उद्देश असेल, तर ते उपकरण. म्हणजे निर्णय कोडवर नव्हे, उत्पादक काय म्हणतो त्यावर. नाडीचे ठोके मोजणारे तेच ॲप ‘तंदुरुस्तीसाठी’ म्हटले की बाहेर आणि ‘अनियमित ठोके ओळखण्यासाठी’ म्हटले की आत. मग डॉक्टर स्क्रीनवर स्पष्ट इशारा मागतो आणि कंपनी त्याच इशाऱ्याचे ‘सर्वसाधारण माहिती’ करून टाकते. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. वापरणाऱ्याला मात्र त्या दोन शब्दांतला फरक कळत नाही, आणि या पळवाटेला व्याख्येनेच दार उघडून दिले, असे माझे मत आहे. ‘उत्पादक’ या शब्दात डॉक्टर कुठेच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर सल्लागार म्हणून त्याचा फोटो तेवढा असतो.

२०२० मध्येच २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची, मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनी रेघ सरळ ओढली: कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचे नाही, ती नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकते, अंतिम शब्द त्याचाच. एका दस्तऐवजात उत्पादकाचा शब्द प्रमाण, दुसऱ्यात डॉक्टरचा, आणि दोघांत अंतर दोन महिन्यांचेही नाही.

परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्याने झाली. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, जास्त धोक्याच्या क आणि ड वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत वापराचा उद्देश बदलणे हा मोठा बदल मानला आहे आणि त्याला आधी मंजुरी लागते. दर पंधरवड्याला अपडेट सोडण्याची सवय असलेल्या टीमला हे जड जाते. स्क्रीनवरचे कोणते वाक्य ‘उद्देश’ बदलते, हे तिला अपडेट सोडण्याआधी डॉक्टरला विचारावे लागते.