विस्तवाशेजारची थंड भिंत

गॅसवर गार पाण्याचं पातेलं ठेवलं की पहिल्या मिनिटभरातच त्याच्या बुडाला बाहेरून घाम फुटतो. थेंब जमतात, एखादा बर्नरवर पडून चर्र करतो आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पातेलं गळतंय वाटतं." पातेलं शाबूत असतं. ते पाणी ज्योतीतून आलेलं असतं. इंधनातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाफ तयार होते आणि गार धातू दिसला की ती त्याच्यावर जमते. आतलं पाणी जरा कोमट झालं की घाम सुकतो, आणि पातेलं गळतं हा संशयही विरतो.

हे आठवायचं कारण म्हणजे अलीकडे एका व्हिडिओत ऐकलेला दावा. घर तापवणाऱ्या बॉयलर स्टोव्हविषयी तो गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता, "आगीला सगळीकडून पाण्याने वेढून टाका, म्हणजे उष्णतेचा कणही वाया जाणार नाही." ऐकायला इतकं पटण्याजोगं आहे की मीही शाळेत असतो तर मान डोलावली असती. प्रत्यक्षात असा स्टोव्ह धुरकट, कोंदट आणि घाणेरडा जळतो. का, ते समजलं की या यंत्रातलं सगळं समजतं.

आधी यंत्र. मल्टि-फ्युएल बॉयलर स्टोव्ह हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या घरांत, विशेषतः गॅसची पाइपलाइन न पोचलेल्या भागात दिसणारा प्रकार. बिडाची किंवा पोलादी बंद शेगडी, समोर काचेचं दार, वर धुराडं. विस्तवाच्या मागे, कधी बाजूंनाही, पाण्याची पोकळ पेटी. त्या पेटीतलं पाणी तापून नळ्यांमधून घरभरच्या रेडिएटरांत, म्हणजे खोली तापवणाऱ्या पोकळ धातूच्या पट्ट्यांत, आणि अंघोळीच्या पाण्याच्या टाकीत फिरतं. ज्यांनी मधोमध नळकांडं असलेला पाण्याचा बंब पाहिला आहे, त्यांना कल्पना लगेच येईल. इथे पाणी घटकाभर तापवून संपत नाही, दिवसभर तेच पाणी गार होऊन परत येत राहतं, एवढाच फरक. आणि या फरकातच सगळी गोम आहे.

"मल्टि-फ्युएल" म्हणजे लाकूड, कोळसा, पीट (दलदलीतून काढून वाळवलेली, कुजक्या वनस्पतींची माती) यांपैकी काहीही चालेल. पण ही इंधनं एकसारखी जळत नाहीत. खरं तर लाकूड थेट जळतच नाही. ओंडका तापतो, १०० अंशांपर्यंत त्यातलं पाणी निघून जातं, २०० अंशांच्या पुढे लाकडाचं विघटन व्हायला लागतं आणि त्यातून वायू व डांबराची वाफ बाहेर पडते. पिवळी ज्योत दिसते ती या वायूंची. ओंडक्याजवळ नीट पाहिलं तर ज्योत आणि लाकूड यांच्यात बोटभर रिकामी फट दिसते. तिथे वायू असतो, अजून पुरेसा ऑक्सिजन न मिळालेला. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत मुलांसमोर हेच मेणबत्तीवर दाखवलं होतं: ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची वाकडी नळी धरली, आतली मेणाची वाफ नळीतून बाहेर आणली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली.

कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळपास ८० टक्के भाग असा वायुरूप होऊन निघून जातो आणि उरलेला कोळसा होतो. अँथ्रासाइट या कडक दगडी कोळशात हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली असतं. तिथे ज्योत नावापुरती आणि निखारा हेच सर्वस्व. म्हणून लाकडाला हवा लागते ती मुख्यतः वरून, जिथे वायू जळतात, आणि लाकूड राखेच्या मऊ गादीवर सुखाने जळतं. कोळशाला हवा खालून, जाळीतून हवी. मल्टि-फ्युएल स्टोव्हमध्ये जाळी, राखेचा ट्रे आणि खालच्या-वरच्या हवेच्या दोन वेगळ्या खिट्ट्या असतात त्या यासाठी. लाकूड जाळताना इंचभर राख मुद्दाम ठेवतात. कोळसा जाळताना मात्र ट्रे रोज रिकामा करावा लागतो. राखेचा ढीग वाढून जाळीला खालून टेकला की जाळीच्या पट्ट्यांना गार ठेवणारी हवा बंद होते, आणि बिडाच्या पट्ट्या लोंबकळल्यासारख्या वाकतात. वाकलेली जाळी पाहिली की काही न विचारता कळतं, ट्रे कुणी किती दिवस ओढला नव्हता.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे.

लाकडातून निघालेले वायू जळायला नुसती हवा पुरत नाही. कार्बन मोनॉक्साइड आपोआप पेट घेतो तो सुमारे ६०० अंशांना. डांबराची वाफ आणि काजळीचे कण पूर्ण जळायलाही त्याच पट्ट्यातलं किंवा त्याहून जास्त तापमान हवं, आणि तेही थोडा वेळ टिकायला हवं. आता आगीच्या शेजारी पाण्याची पेटी आहे. पाणी ७०-८० अंशांवर. पोलादातून उष्णता इतक्या सहज वाहते की पेटीचा आगीकडचा पृष्ठभागही पाण्यापेक्षा थोडेच अंश जास्त तापतो. समोर ८००-९०० अंशांची ज्योत असली तरी भिंत १५० अंशही गाठत नाही. आपल्या हाताला ती चटका देईल, पण ज्योतीच्या दृष्टीने ती बर्फाची भिंत आहे. तिला टेकलेला वायू तिथेच विझतो. गार चमचा मेणबत्तीच्या ज्योतीत धरा, क्षणात काळा होईल. ती काजळी म्हणजे जळायचं राहून गेलेलं इंधन.

हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१५ साली खाणकामगारांसाठी केलेला दिवा याच तत्त्वावर चालतो. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी. बाहेर मिथेन असला तरी ज्योत जाळीतून बाहेर जाऊ शकत नाही, कारण जाळीचा धातू तिची उष्णता ओढून घेतो. डेव्हीच्या दिव्यात धातूने ज्योत मारली आणि माणसं वाचवली. बॉयलर स्टोव्हमध्ये धातू तेच काम करतो, फक्त इथे ते आपल्याला नको असतं.

पण भिंतीला चिकटलेला थर पातळ असतो, त्याने एवढा काय फरक पडतो? मोठा फरक दुसरीकडे पडतो, प्रारणात. तापलेली प्रत्येक वस्तू उष्णता फेकते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. तापमान अर्थात केल्विनमध्ये मोजायचं, म्हणजे सेल्सियस अंशांत २७३ मिळवायचे. साध्या, पाणी नसलेल्या स्टोव्हमध्ये आतून विटांचं अस्तर असतं. समजा ती वीट ७०० अंशांवर, म्हणजे ९७३ केल्विनवर आहे. तिचा एक चौरस मीटर जास्तीत जास्त सुमारे ५० किलोवॉट प्रारण परत आगीकडे फेकतो. त्याच जागी ९० अंशांची पाण्याची भिंत ठेवा, म्हणजे ३६३ केल्विन. ९७३ ला ३६३ ने भागून चौथा घात घेतला तर उत्तर पन्नासच्या आसपास येतं. भिंत परत देते १ किलोवॉट. वीट आगीकडून घेतलेलं बरंचसं परत देते. पाण्याची भिंत घेते आणि गप्प बसते. व्हिडिओतला "सगळीकडून वेढा" म्हणजे पाचही बाजूंना अशा भिंती. आग स्वतःला तापवू शकत नाही, तापमान ६०० च्या खाली घसरतं, वायू न जळताच धुराड्याची वाट धरतात. उष्णतेचा कण वाया जाऊ नये म्हणून केलेल्या रचनेत अख्खं इंधनच धूर होऊन वाया जातं.

यावर उपाय एका ओळीत सांगता येतो: आधी पूर्ण जळू दे, मग उष्णता घे. मोठ्या गॅसिफिकेशन बॉयलरांत हे मोकळेपणाने करता येतं. लाकडाचा वायू सिरॅमिकच्या तोंडातून खाली ओढून १००० अंशांच्या आसपास जाळतात आणि मगच त्या गरम वायूला पाण्याच्या नळ्यांमधून नेतात. दिवाणखान्यातल्या स्टोव्हला तेवढी जागा नसते. काचेच्या दारामागच्या हातभर उंचीत ज्वलन आणि उष्णतेची देवघेव दोन्ही उरकावी लागतात. म्हणून चांगल्या बनावटीत पाण्याची पेटी मागे ठेवतात, बाजूंना विटा लावतात, वरच्या हवेची तापवलेली धार नेमकी ज्योतीच्या माथ्यावर सोडतात. ही तडजोडच आहे, आणि ती किती विचाराने केली आहे यावर स्टोव्हची लायकी ठरते. पेटीचा आकार मोठा म्हणजे स्टोव्ह चांगला, हे विक्रेत्यांचं गणित मला मुळीच पटत नाही.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मेणबत्तीवर मातीची कुंडी उपडी ठेवून "खोली गरम करा" असं सांगणारी चित्रं दर हिवाळ्यात फिरतात. मेणबत्ती तासाला पाच-सात ग्रॅम मेण जाळते, त्यातून ६० ते ८० वॅट मिळतात. वर कुंडी ठेवा, तांब्या ठेवा नाहीतर मंत्रून ठेवा, ८० वॅटचे ८१ होत नाहीत. कुंडी फक्त उष्णता एका जागी साठवते, आणि हाताला गरम लागते म्हणून लोक फसतात. शिवाय आग लागायचा धोका वेगळाच.

पातेल्याच्या घामाकडे परत येऊ. लाकडात वजनाने सुमारे ६ टक्के हायड्रोजन असतो. त्यामुळे एक किलो पूर्ण कोरडं लाकूड जळलं तरी अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी तयार होतं. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडातून, आतलं आणि नव्याने झालेलं धरून, सहाशे ग्रॅमच्या वर वाफ धुराड्यात जाते. आता रेडिएटरांतून ३० अंशांचं गार पाणी पेटीत परत आलं तर? स्टोव्हच्या आतल्या पोलादाला तसाच घाम फुटतो. धुरातली वाफ साधारण ४५ ते ५५ अंशांच्या खाली जमू लागते, आणि तिच्यासोबत डांबर आणि आम्लंही. आतून काळा, चकाकणारा, चिकट लेप बसतो. हा लेप उष्णतेला अडवतो, पोलाद खातो आणि धुराड्यात साठला तर एक दिवस पेट घेतो. म्हणून परत येणाऱ्या पाण्याच्या नळीवर एक मिश्रण-झडप लावतात. परतीचं पाणी ५५-६० अंशांखाली असेल तर ती त्यात तापलेलं पाणी मिसळूनच पेटीत सोडते. स्टोव्ह पेटवला आणि अर्धा तास रेडिएटर गारच, अशी तक्रार नव्याने घेणारे करतात. त्या अर्ध्या तासात स्टोव्ह आधी स्वतःची भिंत तापवत असतो, आणि तेच बरोबर आहे.

ओल्या लाकडाचा गोंधळही इथेच सुटतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. किलोमागे उष्णता मिळते ८ मेगाज्यूलच्या आसपास. २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून १४. लोक म्हणतात की पाणी उकळण्यात उष्णता जाते. जाते, पण ती सव्वा मेगाज्यूलच. खरा घात असा की ते पाणी आग ऐन पेटायच्या वेळी तिला गार ठेवतं. एक थंड भिंत मागे असते, दुसरी ओंडक्याच्याच आत. इंग्लंडमध्ये २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी जळाऊ लाकूड विकायचं तर ओलावा २० टक्क्यांच्या आत लागतो, आणि धूर करणाऱ्या घरगुती कोळशाची विक्रीही २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर बसलेल्या धुरक्याने हजारो बळी घेतले आणि १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, त्याचाच हा पुढचा टप्पा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. त्याच्या सुया ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला टोचून उपयोग नाही. ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचायच्या.

कोळसा आणि ओलसर लाकूड एकत्र घालू नये. कोळशातलं गंधक आणि लाकडातलं पाणी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतं आणि धुराड्यातलं पोलादी अस्तर त्यात झिजतं. आणि धूर नाही म्हणजे विष नाही, हा समज जिवावर बेततो. लालबुंद निखाऱ्यांच्या जाड थरात कार्बन डायऑक्साइड पुन्हा कार्बनशी भिडून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ज्या खोलीत स्टोव्ह, त्या खोलीत या वायूचा अलार्म हवाच.

शेवटची गोष्ट पाण्याच्या फिरण्याची. गॅस बंद करता येतो, ओंडके बंद करता येत नाहीत. समजा वीज गेली आणि पंप थांबला. पेटीत २० लिटर पाणी आहे आणि आग त्याला ८ किलोवॉट देते आहे. ७० अंशांवरून १०० वर जायला पाच मिनिटांच्या थोडंच वर लागतं. पुढे वाफ, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० लिटर जागा मागते. म्हणून किमान एक रेडिएटर किंवा टाकी अशी जोडतात की पाणी पंपाशिवाय फिरेल. ४० अंशांच्या पाण्याचा घनमीटर ९९२ किलोचा, ८० अंशांचा ९७२ किलोचा. हलकं वर चढतं, जड खाली येतं. तीन मीटर उंचीत हा फरक सुमारे ६०० पास्कल दाब देतो, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर पाण्याचा. एवढ्याशा दाबावर पाणी फिरायचं तर नळ्या जाड हव्यात आणि पूर्ण वाटेत चढत्या हव्यात. कुठे उलटा उतार पडला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि फिरणं थांबतं. आणि तरीही पाणी उकळलंच, तर वाफेला जायला पेटीपासून वरच्या उघड्या टाकीच्या तोंडापर्यंत एक सरळ, चढती नळी असते. त्या नळीवर कुठेही तोटी बसवत नाहीत.